पाराभोवतीची एक फेरी

महिपत घोड्याला भ्यायचा. किती भ्यायचा म्हणाल, तर स्वतःच्या लग्नात मारुतीच्या दर्शनाला पायी गेला! सासरच्यांनी हौसेनं घोडं आणलेलं, त्याच्या अंगावर झूल, वाजंत्री खोळंबलेले, आणि नवरदेव म्हणतो, "माझा नवस हाय, मी पायीच जाईन." नवस कसला न् काय कसला! बेला गावातल्या लहानथोरांना खरं कारण ठाऊक होतं. पण मांडवात कोण बोलतो? नवरदेव पुढं चालला आणि झूल घातलेलं घोडं रिकामंच मागून आलं.

आदिलाबादेला गेला की टांग्यांचा अड्डा टाळून मागच्या गल्लीनं वळसा घालायचा. बाजारात एखादं मरतुकडं तट्टू उभं दिसलं तरी रस्त्याची बाजू बदलायचा. लोक हसायचे, पण तोंडावर नाही. कारण महिपतच्या घरी ओसरीवर सुधाकरराव खाटेला खिळलेले होते, आणि ते कशानं खिळले हे सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणजे, माहीत आहे असं गावाला वाटत होतं.

सुधाकरराव महिपतचे थोरले भाऊ, चौदा वर्षांनी मोठे. आईबाप लवकर गेले, तेव्हा त्यांनीच याला वाढवलं. निजामाच्या राज्यात ते गिरदावर होते. चार पटवाऱ्यांवर देखरेख, पंधरा-वीस गावांची पिकं पाहायची, मोजण्या तपासायच्या. काळ्या मातीत पावसाळ्यात ना गाडी चाले ना सायकल, म्हणून गिरदावराकडे घोडं पाहिजेच असा कायदा. पैनगंगेच्या काठानं सुधाकररावांची घोडी दुडक्या चालीनं निघाली की निंदणाऱ्या बाया पाठ सरळ करून बघत उभ्या राहायच्या. असा रुबाब!

घोडीवर खोगीर चढवायचं काम जयवंताबाईंचं. सुधाकररावांची बायको, महिपतची वहिनी. नवऱ्यानंच तिला शिकवलेलं. पहाटे तोंडावर पदर ओढून ती खोगीर ठेवायची, पोटाखालून तंगाची, म्हणजे खोगिराच्या पट्ट्याची, वादी घेऊन आवळायची आणि मग घोडीला समोरच्या मारुतीच्या पाराभोवती एक फेरी मारून आणायची. महिपत लहानपणापासून दारात दात घासत ते पाहायचा. वहिनी घोडीला देवाच्या पाया पडवून आणते, असं त्याला वाटायचं. फेरी मारून झाल्यावर ती गोठ्याच्या आड काय करते, ते काही त्यानं कधी जाऊन पाहिलं नाही. लेकराला काय करायचं आहे?

पोलीस ॲक्शनच्या चार वर्षं आधीची गोष्ट. त्या दिवशी आदिलाबादेहून मोजणीचे अमीन आलेले, ओसरीवर बसलेले. आणि वहिनीला नेमका कावळा शिवलेला. ती गोठ्यालगतच्या पडवीत बाजूला बसलेली. खोगिराला काय, पाण्याच्या तांब्यालाही तिचा हात चालत नव्हता. "महिपत, तूच घाल आज खोगीर," सुधाकरराव म्हणाले. महिपत सतरा वर्षांचा. काय ऐट वाटली त्याला! त्यानं खोगीर ठेवलं, ताकद लावून तंग आवळला. फेरी मारायला निघाला तर अमीन ओरडले, "अरे चलो, धूप चढ रही है!" राहिली फेरी.

दुपारच्या आत गुराख्यांनी सुधाकररावांना घोंगडीत घालून आणलं. गावाबाहेरच्या नाल्याच्या उतारावर ते पडले होते, दगडावर. कंबर मोडली आणि कंबरेखालचं सगळं अंग गेलं ते गेलंच. खोगीर तिथंच बाजूला पडलं होतं म्हणे. पण माणूस मोडून पडल्यावर खोगिराकडं कोण बघतो? "रानची रोही आडवी गेली, घोडी उधळली," एवढंच सुधाकरराव म्हणाले. जाणत्या लोकांनी मग घोडी तपासली आणि तिच्या छातीवर भोवरा शोधून काढला. छातीवर भोवरा असलेलं जनावर धन्याला खातं, असं सगळे म्हणू लागले. विकत घेताना हेच शहाणे तिच्या दातांची तारीफ करत होते! घोडी परमुलखातल्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकली. वहिनी त्या दिवशी घोडीच्या गळ्याला मिठी मारून रडली, तेवढंच.

चार-सहा महिन्यांनी महिपतला राहवेना. भावाच्या पायथ्याशी बसून त्यानं रडत रडत सांगितलं, "दादा, म्या त्या दिवशी मारुतीले फेरी नाही मारली. देव कोपला."

सुधाकरराव त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मारुती असा कोपत नसते रे. घोडीचा भोवराच खोटा व्हता. जा, जेवून घे."

त्यानंतर बारा वर्षं गेली. निजाम गेला, चावडीवरचा झेंडा बदलला, फसली सालं जाऊन इंग्रजी तारखा आल्या. महिपत चावडीत हंगामी मोहरीर म्हणून कागद खरडू लागला. लग्न झालं, रुख्मिणी घरात आली, दोन पोरं झाली. पण त्याच्या दिवसाची सुरुवात एकाच कामानं व्हायची. सकाळी उठून भावाला दोन्ही हातांवर उचलायचं, कुशीवर वळवायचं, पाठीच्या जखमा धुवायच्या. संध्याकाळी पुन्हा तेच. दोघी बायांना ते ओझं पेलायचं नाही, आणि सुधाकरराव दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत.

छप्पन सालच्या श्रावणात बातमी आली की हैदराबाद राज्य मोडणार. पारावर रोज नवा नकाशा निघायचा. कोणी म्हणे किनवट मुंबईकडे चाललं, कोणी म्हणे राजुरा चाललं. मग बेला? बेला कुठंच जात नव्हतं, ते आंध्रात राहणार होतं. नदीच्या पल्याडचं गाव आपल्याच भाषेत भांडणार आणि इकडं कागद तेलुगूत येणार. बायाबापड्यांनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा निंदायला गेल्या.

महिपतला मात्र घोर वेगळाच लागला. कचेरीतले पेशकार केशवराव एक दिवस त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "महिपत, हंगामी लोकायची यादी झाली. नव्या राज्यात तुमाले तिकडं खाली, समुद्राकडच्या जिल्ह्यात टाकून राह्यले. एक नोव्हेंबरच्या आत कायम झाला तरच इथं राहसान."

"कायम कसा होऊ?"

"बेल्याच्या गिरदावराची जागा रिकामी हाय. तुमचं नाव म्या लावलं. पण दुय्यम तालुकदारसाहेब कडक हायत. त्यायचा मुक्काम दसऱ्यानंतर नार्नूरले हाय. म्हणे, उमेदवारानं घोड्यावर या, अन् माह्यासोबत घोड्यावरूनच शिवार फिरा. बैलगाडीत आला तर तसंच वापस जा."

महिपत घरी आला तो पांढराफटक. समुद्राकडं जायचं म्हणजे खाटेवरच्या माणसाला न्यायचं कसं? आणि न न्यावं तर सकाळ-संध्याकाळ त्याला उचलणार कोण? रात्री जेवण गेलं नाही. शेवटी सुधाकररावांनीच विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं. त्या माणसाच्या तोंडावर बारा वर्षांनी रंग आला!

"वामनराव वैद्यायची तांबडी घोडी मागून आन," ते म्हणाले. "म्हातारी हाय, गरीब हाय. मी शिकवतो तुले."

"तुमी? खाटेवरून?"

"मंग काय, घोड्यावरून शिकवू?"

आणि खरोखरच शिकवलं. ओसरीवर खाट अंगणाकडं तोंड करून फिरवली. पहिल्या दिवशी महिपत ओट्यावर चढला, एक पाय घोडीवर टाकला आणि दुसरा जमिनीवरून सुटला तसा तो पुन्हा खाली उतरला. तो दिवस तेवढ्यावरच संपला. दुसऱ्या दिवशी बसला, पण घोडीनं कान हलवला तर हा मानेलाच मिठी मारून बसला. "अरे, तिचं लगन लावाचं हाय का तुले? सोड तिले!" सुधाकरराव खाटेवरून ओरडले, आणि रुख्मिणी पदराआड हसली. बारा वर्षांत त्या घरात कोणी असं हसलं नव्हतं.

"पाठ ताठ. टाचा खाली. लगाम आवळू नको, तिच्या तोंडाले लागते. मांड्यायनं धर. तुही भीती तिले मांडीतून समजते." रोज सकाळी हेच. आठ दिवसांनी घोडी महिपतला घेऊन पारापर्यंत गेली. पंधरा दिवसांनी नाल्यापर्यंत गेली. तिथून उताराकडं नजर जाताच तो माघारी आला. महिन्यानं एकदाची दुडकी चाल जमली. भीती काही जात नव्हती बरं का, पण भीत भीतच तो बसायचा, कारण न बसून चालणार नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्याला खटकायची. खोगिराला त्याला कोणी हात लावू देत नव्हतं. पहाटे वहिनीच खोगीर घालायची, पाराभोवती फेरी मारून आणायची आणि घोडी पूर्ण तयार झाली की आत हाक मारायची, "या भाऊजी." त्यानं एकदा म्हटलं, "वयनी, मले बी शिकवा ना." तर ती ऐकलंच नाही असं करून आत निघून गेली. भावाला विचारलं तर ते म्हणाले, "तू बसाचं पाह्य. खोगीर तिच्याकडं असू दे." महिपतला वाईट वाटलं. एकोणतीस वर्षांचा बाप्या मी, आणि ह्यांना अजून लेकरूच दिसतो. अपशकुनी हाताचा समजतात की काय?

नार्नूरला निघायच्या दिवशीही तेच. वहिनीनं खोगीर घातलं, भाकरी बांधून दिली आणि रिकिबीला धरून उभी राहिली. "तिथं उद्धवराव हायत, ह्यायच्या जुन्या वळखीचे. रातच्याले त्यायच्याकडंच उतरजा. अन् सकाळी खोगीर त्यायलेच घालू द्या. तुमी हात नका लावू. ऐकलं ना?"

"ऐकलं," महिपत तुसडेपणानं म्हणाला.

भावाचं दोन दिवस दोघी बाया मिळून कसंबसं निभावणार होत्या. दिवसभराची वाट. डोंगर चढताना घोडी धापा टाकत होती आणि वर बसलेला माणूस तिच्याहून जास्त. पण दिवेलागणीच्या आत तो नार्नूरला पोचला, पडला नाही की उतरून चालला नाही. उद्धवराव साठीचे, एकेकाळी तट्टांवरून मीठ वाहून गावोगाव विकणारे. त्यांनी घोडीला कडबा घातला, महिपतला ज्वारीची भाकर आणि वरण वाढलं, सुधाकररावांची चौकशी केली आणि चुकचुकत झोपले.

सकाळी साहेबाचा निरोप आला, सात वाजता तयार राहा. उद्धवराव गाईची धार काढत होते. त्यांना हाक मारावी असं महिपतच्या तोंडावर आलं होतं. पण कोणत्या तोंडानं मारणार? तासाभरानं जो माणूस गिरदावर होणार, तो दुसऱ्याला म्हणतो, मला खोगीर घालून द्या! नाहीच मारली हाक. त्यानं स्वतःच खोगीर ठेवलं, जोर लावून तंग आवळला. आणि ह्या वेळी तो विसरला नाही. घोडीला धरून नार्नूरच्या मारुतीच्या पाराभोवती सावकाश, मनोभावे एक फेरी मारली. हात जोडले. मग रिकिबीत पाय घातला आणि अंग वर टाकलं.

खोगीर त्याच्यासकट गर्रकन फिरलं. महिपत पाठीवर आपटला. घोडी म्हातारी, ती नुसती मान वळवून बघत राहिली. खोगीर तिच्या पोटाखाली लोंबत होतं.

उद्धवराव चरवी ठेवून धावत आले. लागलं नाही असं पाहून त्यांना हसू आवरेना. "अवो गिरदावरसाहेब, तंग काऊन नाही कसला?"

"कसला ना! चांगला दात खाऊन कसला."

"दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा काऊन?"

"बाप्पा! मंग घोडी फिरवून कायले आनली?"

"देवासाठी," महिपत म्हणाला. "फेरी मारली मारुतीले."

उद्धवराव डोळे पुसत पुसत हसले. "देवासाठी! अवो, घोडं लबाड जनावर. तंग कसतानी दम धरून पोट फुगवून घेते. चार पावलं चाललं का दम सोडते अन् तंग ढिला पडते. म्हणून फिरवून आनाचं अन् पुन्हा कसाचं. आमच्यातल्या पोरीसोरीयले बी माहीत हाय हे. नाही कसलं तर सपाटीवर निभून जाते, पण उतारावर खोगीर पोटाखाली अन् मानूस दगडावर. तुमच्या दादानं नाही शिकवलं? त्यायच्यासारका घोडेस्वार..."

बोलता बोलता म्हातारा थांबला. महिपत जमिनीवरच बसून होता. त्याच्या तोंडाकडं पाहून उद्धवरावांनी पुढं काही विचारलं नाही. खोगीर सरळ केलं, तंग कसला, घोडी दहा पावलं चालवून आणली, पुन्हा कसला. या खेपेला वादी चार बोटं जास्त आली. महिपतनं ती चार बोटं पाहिली.

साहेबासोबत तो दोन तास फिरला. ज्वारीच्या बांधावरून, पऱ्हाटीतून, ओढा उतरून, चढून. त्याला काहीएक भीती वाटली नाही. पडलो तर पडलो, असं झालं होतं त्याला. पडलो तर बरंच, असंसुद्धा एकदा ओढ्याच्या उतारावर मनात येऊन गेलं. साहेब म्हणाले, "अच्छा बैठते हो. किसने सिखाया?" "भाई साहब ने," महिपत म्हणाला. साहेबांनी तिथंच खोगिरावर कागद ठेवून सही केली. महिपत कायम झाला. बेल्यात राहणार होता.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यानं आपल्या हातानं खोगीर घातलं. दुपार कलता कलता बेल्याच्या नाल्यावर आला. त्या उतारावर थांबला. दगड तिथंच होते. बारा वर्षं ह्या दगडांना, भोवऱ्याला, रोहीला, मारुतीला सगळ्यांना बोल लावून झाला होता. तो उतारावरून घोडीवर बसूनच खाली गेला.

अंगणात घोडी थांबली तशी सुधाकररावांनी मान उचलली. "सही झाली?"

"झाली."

"शाब्बास रे माह्या वाघा!" रुख्मिणी पोराला घेऊन बाहेर आली, वहिनी तांब्या घेऊन दारात आली. महिपत उतरला आणि खाटेशी येऊन उभा राहिला. सुधाकररावांनी आधी त्याच्याकडं पाहिलं, मग घोडीकडं.

"तंग कोनं कसला?"

"म्याच."

मग सुधाकररावांनी हळूच विचारलं, "किती डाव कसला?"

"दोन," महिपत म्हणाला, आणि तिथंच खाली बसून हमसून हमसून रडू लागला. "काऊन नाही सांगतलं दादा? मी तुमाले फेरीचं सांगतलं तवा तरी सांगाचं होतं. बारा वर्षं मी तुमचं अंग धुऊन राह्यलो अन् मलेच माहीत नाही!"

"सांगून माहे पाय येत होते का?" सुधाकरराव म्हणाले. "सतरा वर्षांचा होता तू. सांगतलं असतं तर हिरीत उडी घेतली असती. मले एक तर भाऊ. आता उगी राय."

"भाऊजीची काही चुकी नाही," दारातून आवाज आला. वहिनी होती. नवऱ्यासमोर अशी मोठ्यानं ती कधी बोलत नसे. तांब्या तिनं खाली ठेवला. "मी पडवीतून पाहून राह्यली होती त्या दिवशी. फेरी नाही मारली, दुसऱ्यांदा तंग नाही कसला, समदं दिसलं मले. हाक माराची होती. तोंडापर्यंत आली होती. पण बाजूला बसलेली बाई, ओसरीवर परके अमीन. आवाज कसा द्यावा? म्हटलं, ह्यायच्या ध्यानात येईन. ह्ये बसले अन् गेले." तिनं पदर तोंडात धरला. "घोडी नेली त्या दिवशी मी तिची माफी मागतली. ह्यायची कधी मागता नाही आली."

सुधाकररावांना हे माहीत नव्हतं. ते तिच्याकडं बघत राहिले, जसे बारा वर्षांपूर्वी महिपतकडं बघत राहिले होते. ह्या वेळी मात्र त्यांना सांगायला भोवरा सापडला नाही. त्यांनी मान भिंतीकडं वळवली. कूस तर त्यांना आपणहून बदलता येत नव्हती.

रुख्मिणीच्या कडेवरचं पोर रडायला लागलं. मग भिंतीकडूनच सुधाकरराव म्हणाले, "घोडीचा तंग सोडा कोनीतरी. कवाची आवळलेली उभी हाय."

महिपत उठला तोवर वहिनी अंगणात पोचली होती. तिला वादीची गाठ सुटेना. महिपतनं ती सोडली आणि दोघांनी मिळून खोगीर उतरवलं. घोडीनं एक लांब श्वास टाकला. मग दिवेलागण झाली, आणि महिपत रोजच्यासारखा भावाला कुशीवर वळवायला आत गेला.